तीन वाजून बारा मिनिटं

टाइमकीपरना काहीही सांगा, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "किती वाजता?" कॅन्टीनच्या उपम्यात झुरळ निघालं. किती वाजता? मालकांच्या मुलाचं लग्न ठरलं. किती वाजता? पॅकिंगमधली एक बाई एकदा रडत आली. नवऱ्याने घराबाहेर काढलं म्हणाली. आम्ही सगळ्यांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, नवऱ्याला यथेच्छ शिव्या दिल्या. यांनी विचारलं, "किती वाजता?" बाई हुंदके देत म्हणाली, "सकाळी सहाला." "म्हणजे काही खाल्लेलं नसणार," असं म्हणून त्यांनी स्वतःचा डबा तिच्यापुढे सरकवला. आमच्या शिव्यांनी तिचं पोट भरलं नव्हतं, हे तेव्हा कुठे आमच्या लक्षात आलं.

अंबरनाथ एमआयडीसीतल्या आमच्या रंगाच्या कारखान्यात गेटला लागून टाइम ऑफिस होतं. तिथे कार्ड पंच करायचं मशीन, आणि मशीनच्या मागे हे. तीन लेट मार्क झाले की अर्ध्या दिवसाची रजा कापली जायची, आणि ती कापताना समोर कोण आहे हे त्यांनी कधी पाहिलं नाही. अधिकाऱ्यांना कार्ड नव्हतं. आम्ही अधिकारी म्हणजे घड्याळाच्या वरची जमात. पण टाइमकीपरनी आमच्यासाठी एक वेगळी वही ठेवली होती, कोणीही सांगितलेलं नसताना. वर्क्स मॅनेजरनी एकदा खवळून विचारलं, "ही वही कोणाच्या ऑर्डरने?" हे म्हणाले, "साहेब, कार्ड नाही म्हणून वेळ थोडीच थांबते?" त्या वहीत सगळ्यात जास्त पानं कोणाची होती, ते सांगायला नकोच.

कामगारही काही कमी नव्हते. रिक्षा उशिरा पोचणार असं दिसलं, की त्यातला एखादा पोरगा उडी मारून धावत पुढे यायचा आणि सगळ्यांची कार्डं एकदम पंच करून टाकायचा. टाइमकीपर संध्याकाळी कार्डांची चळत घेऊन बसायचे आणि गंजिफा पिसल्यासारखी ती पिसायचे. "एका मिनिटात नऊ कार्डं," ते म्हणायचे. "यातला एक लंगडतो. एकाला चष्म्याशिवाय स्वतःचं कार्ड सापडत नाही. नऊ जण एका मिनिटात आत आले तर मी त्यांना ऑलिंपिकला पाठवतो." दुसऱ्या दिवशी नऊ लेट मार्क.

मग साधारण ब्याण्णव सालच्या सुमारास आमच्याकडे कॉम्प्युटर आला. त्याची पूजा झाली, त्याच्यासाठी एसी बसला आणि हजेरी त्याच्याकडे गेली. टाइम ऑफिसला कुलूप लागलं. टाइमकीपरची निवृत्ती अजून वर्षभर लांब होती, त्यामुळे त्यांना नोटीस देण्यापेक्षा आमच्या कॉम्प्युटर रूममध्ये आणून बसवणं सोपं पडलं. आमचा विभाग म्हणजे तीन माणसं. साहेब, जे नेहमी मुंबई ऑफिसला गेलेले असत. मी, कल्याणच्या एका क्लासमधून कॉम्प्युटरचा डिप्लोमा घेऊन स्वतःला फार काही समजणारी. आणि आता हे काका. पहिल्या दिवशी चपला दाराबाहेर काढून ते आत आले, मशीनला नमस्कार केला आणि मला विचारलं, "ताई, याला घड्याळ आहे का?"

मी हसू दाबत त्यांना कमांड टाइप करून दाखवली. स्क्रीनवर तारीख आणि वेळ आली. त्यांनी मनगटावरच्या घड्याळाशी ती ताडून पाहिली आणि म्हणाले, "सव्वा मिनिट मागे आहे. दुरुस्त करा." एवढ्या लाखमोलाच्या मशीनला लेट मार्क मिळाल्याचं माझ्या पाहण्यातलं हे पहिलंच उदाहरण.

रंगाची रसायनं ज्यात शिजायची, त्या मोठ्या रिअॅक्टरचं तापमान वायरने आमच्या कॉम्प्युटरवर यायचं. सप्लायरने दिलेला एक प्रोग्राम दर मिनिटाला एक ओळ स्क्रीनवर टाकायचा. ओळीत तापमान असायचं, दाब असायचा, रिअॅक्टरचा नंबर असायचा. वेळ नसायची. काकांना हे पाहून खरोखर त्रास झाला. "चौऱ्याऐंशी डिग्री. पण कधी? काल? परवा? याच्या मुंजीच्या दिवशी?" सप्लायर म्हणाला, नवीन व्हर्जनमध्ये येईल. नवीन व्हर्जन तेव्हाही पुढच्या महिन्यातच यायचं. मी काकांना समजावलं, की प्रोग्राम सप्लायरचा आहे, तो आपल्याला उघडता येत नाही, तेव्हा विषय सोडा. त्यांनी खुर्ची स्क्रीनजवळ ओढली. मग म्हणाले, "प्रोग्राम नकोच उघडायला. कामगाराच्या घरात थोडंच शिरतो आपण? ओळ बाहेर पडली की तिला गेटवर पंच करता येणार नाही का?"

येत होतं. एका प्रोग्रामच्या तोंडातून निघालेली ओळ दुसऱ्याच्या हातात द्यायची सोय त्या मशीनमध्ये होती. मी शिकले होते, पण सुचलं त्यांना. मी जाडजूड मॅन्युअल त्यांच्यासमोर आदळलं, या खात्रीने की आता निवृत्तीपर्यंत खोलीत शांतता राहील. अकराव्या दिवशी त्यांनी चार ओळींचं स्क्रिप्ट लिहून दाखवलं. एक ओळ घे, घड्याळ बघ, वेळ पुढे चिकटव, सोडून दे. पुन्हा पहिल्यापासून. चाचणीसाठी त्यांनी एका बोटाने रोमन अक्षरांत 'आलो' असं टाइप केलं आणि स्क्रीनवर उमटलं, अकरा बेचाळीस, आलो. ते बराच वेळ त्या ओळीकडे बघत बसले. मला त्यांचा हेवा वाटला, हे आज कबूल करायला हरकत नाही.

मग काय, काकांचं स्क्रिप्ट कारखान्याचं भूषण झालं. पाहुणे आले की आधी मंदिर, मग कॉम्प्युटर रूम, मग चहा. आमचे मालक, सिंधी शेठ, उल्हासनगरहून आठवड्यातून दोनदा यायचे. ते स्क्रीनसमोर उभे राहून म्हणाले, "अरे वाह साईं! ये तो एक-एक लाइन की हाजिरी लेता है!" ज्या वर्क्स मॅनेजरना काकांची वही डोळ्यांत खुपायची, त्यांनीच सगळ्यांसमोर जाहीर केलं, की काकांना निवृत्तीनंतर एक वर्ष एक्स्टेन्शन मिळेल. काकांना ते मनापासून हवं होतं. कुळगावात घरी फक्त बायको, आणि "ती स्वयंपाकसुद्धा अंदाजाने करते हो," असं ते हताशपणे सांगायचे.

ओळी एका फाइलमध्ये साठायच्या, शिफ्ट संपली की प्रिंटर कर्र कर्र करत त्या छापायचा, आणि काका भोकं पाडून कागद बॉक्सफाइलला लावायचे. दोन महिने असे कागद साठले. कोणी वाचले का? रेकॉर्ड ठेवायचं असतं, वाचायचं नसतं, एवढी शिस्त आमच्या कारखान्यात होती.

एका शुक्रवारी दुपारी रिअॅक्टर तापला. व्हेंटमधून नारिंगी धूर निघाला, सायरन झाला, सगळे गेटबाहेर पळाले. नशीब की कोणाला इजा झाली नाही. पण सगळी बॅच डांबर होऊन बसली. तासाभरात वर्क्स मॅनेजरनी प्रिंटआउट मागवला. दोन सत्तेचाळीसपर्यंत तापमान चौऱ्याऐंशी, अगदी गुण्यागोविंदाने. आणि तीन बाराला एकशे अठरा. दुसरी शिफ्ट तीनला सुरू होते. रिअॅक्टरवर दुसऱ्या शिफ्टचा ऑपरेटर होता गणपत भोईर. झालं. गुन्हेगार सापडला, तोही कॉम्प्युटरने पकडलेला. त्या संध्याकाळीच भोईर सस्पेंड, हातात चार्जशीट, आठवड्याने चौकशी.

भोईर जवळच्याच गावचा. एमआयडीसीत घरची शेतं गेली, त्या बदल्यात ही एक नोकरी आली होती. ती गेली असती तर परत मागायला शेतंही नव्हती. तो आमच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. आत यायची त्याला परवानगी नव्हती. "काका, मी आयलो तवाच काटा शंभराच्या वर व्हता. आधीच्याला इचारला, तर तो बोल्ला, आताच चरलाय. गार पानी खोलाया गेलो, तर पंपच बंद. मी काय करनार?"

काका त्याला म्हणाले, "गणपत, कागदावर वेळ आहे. कागदाला तुझ्याशी वैर नाही."

भोईर पायऱ्या उतरून गेला. काकांनी त्याची जाण्याची वेळसुद्धा बघितली असेल, अशी शंका मला तेव्हा आली होती.

सोमवारी सकाळी काका त्या शुक्रवारच्या कागदाला भोकं पाडत होते. पंचिंगचा खट्ट आवाज आला नाही म्हणून मी मान वर केली. ते कागद डोळ्यांजवळ धरून बोटाने ओळी मोजत होते.

"ताई, जरा या. किती ओळी आहेत या?"

"पंचवीस."

"आणि वेळ?"

सगळ्या पंचवीस ओळींपुढे तीन बारा. पहिलीत चौऱ्याऐंशी, शेवटचीत एकशे अठरा.

"एका मिनिटात चौतीस डिग्री?" काका म्हणाले. "तो रिअॅक्टर आहे, प्रायमस स्टोव्ह नव्हे." त्यांनी मागची फाइल ओढली. त्या आधीच्या पंचवीस ओळी, सगळ्या दोन सत्तेचाळीस. त्याच्या आधीच्या पंचवीस, दोन बावीस. दोन महिन्यांचे कागद, सगळे असेच, पंचवीस पंचवीसच्या जथ्याने. "ही एका माणसाने पंच केलेली कार्डं आहेत," ते हळूच म्हणाले. "फक्त गेटवर उलटं असतं. तिथे एक आलेला असतो आणि बाकीचे अजून रिक्षात. इथे चोवीस जण आधीच आलेत आणि त्यांना कोणीतरी आत दाबून ठेवलंय."

कोणी, ते मला त्याच क्षणी कळलं. प्रोग्राम जेव्हा स्क्रीनवर लिहितो तेव्हा एकेक ओळ लगेच सोडतो. पण त्याचं तोंड दुसऱ्या प्रोग्रामला जोडलं, की तो ओळी बादलीत साठवतो आणि बादली भरली की एकदम ओततो. आमच्या बादलीत पंचवीस ओळी मावत होत्या. म्हणजे दोन अठ्ठेचाळीसची ओळसुद्धा काकांच्या स्क्रिप्टपर्यंत पोचली ती तीन बाराला, आणि स्क्रिप्टने इमानेइतबारे तिच्यावर तीन बारा मारलं.

मी हे सांगितलं. काकांनी विचारलं, "हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं?"

"पुस्तकात होतं."

"मग?"

"परीक्षेत आलं नव्हतं," मी म्हणाले. याहून लाजिरवाणं उत्तर मी आयुष्यात दिलेलं नाही.

तरी काकांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला नाही, आणि बरोबरच केलं. दुपारी ते प्लांटमध्ये पॅनेलसमोर स्टुलावर बसले, घड्याळ आणि पेन्सिल घेऊन. दर मिनिटाचा आकडा हाताने लिहीत पूर्ण दीड तास. मी इकडे फाइलवर डोळे लावून. वीस-पंचवीस मिनिटं फाइल ढिम्म, मग एकदम धबधबा. दोन्ही कागद शेजारी ठेवले तेव्हा शंका उरली नाही. शुक्रवारच्या पंचवीस ओळींतल्या पहिल्या बारा पहिल्या शिफ्टच्या होत्या. तीन वाजता, भोईर पाऊल ठेवत होता तेव्हा, तापमान एकशे सहा होतं.

आणि पहिल्या शिफ्टमध्ये, पावणेतीनला, गार पाण्याचा पंप दुरुस्तीसाठी बंद करायला कोणी सांगितलं होतं? वर्क्स मॅनेजरनी, तोंडी. प्लांटमध्ये हे सगळ्यांना माहीत होतं. कागदावर कुठेच नव्हतं.

मी काकांना म्हणाले, "जाऊ द्या ना. भोईरला युनियन आहे, ती बघून घेईल. तुमचं एक्स्टेन्शन दोन महिन्यांवर आलंय." मी हे त्यांच्या भल्यासाठीच म्हणाले. आपण भित्रेपणा नेहमी दुसऱ्याच्या भल्यासाठीच करतो.

ते सरळ वर्क्स मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले. मी कागद घेऊन त्यांच्या मागे, म्हणजे दारापर्यंत. मॅनेजर फार गोड बोलले. "काका, तुमच्याच स्क्रिप्टचं आपण एवढं कौतुक केलं. आता तुम्हीच म्हणता दोन महिन्यांचं रेकॉर्ड खोटं? मग ज्या माणसाला साधी वेळ टाकता येत नाही, त्याला एक्स्टेन्शन कसलं द्यायचं? विचार करा. घाई नाही."

"घाई आहे साहेब," काका म्हणाले. "चौकशी शुक्रवारी अकराला आहे."

शुक्रवारी अकराला ते कॉन्फरन्स रूममध्ये उभे राहिले. चौकशी अधिकारी कल्याणचे एक वकील होते, चष्मा नाकाच्या टोकावर. भोईर बाहेर बाकावर, इस्त्रीचा शर्ट घालून. काकांनी दोन्ही कागद टेबलावर ठेवले आणि बादलीची गोष्ट सांगितली, माझ्यापेक्षा चांगली. वकील म्हणाले, "म्हणजे तुमच्या स्वतःच्या प्रोग्रामवर तुमचा विश्वास नाही?"

"होता ना," काका म्हणाले. "म्हणून तर भोईर बाहेर बसलाय." मग म्हणाले, "लिहून घ्या. वेळ मी घातली. ती चुकीची होती. भोईर तीनला आला आणि तो वेळेवर आला. मी खाली सही करतो."

त्यांनी सही केली. मला कोणी विचारलं नाही, आणि मीही कोणाला विचारायची संधी दिली नाही.

भोईर कामावर परत आला. चौकशीत असं निष्पन्न झालं, की चूक कोणाचीच नव्हती, पंप बहुधा आपोआप बंद झाला असावा. पंपांना अशा लहरी येतात. वर्क्स मॅनेजरना पुढच्या वर्षी बढती मिळाली. एक्स्टेन्शनचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही. काकांनी उरलेल्या दिवसांत सप्लायरचा प्रोग्राम मधून काढूनच टाकला आणि वायरवरून येणारा आकडा थेट आपल्या चार ओळींना जोडला. ते स्क्रिप्ट नंतर कित्येक वर्षं बिनचूक चाललं, आणि त्याचा उल्लेख पाहुण्यांसमोर कोणीही केला नाही.

निरोप समारंभ कॅन्टीनमध्ये झाला. शाल, नारळ, वेफर्स. चार जणांनी भाषणात त्यांच्या 'वक्तशीरपणाचा' गौरव केला, त्यातले तीन उशिरा आले होते. भोईरची बॅच चालू होती, त्याला रिअॅक्टर सोडता येईना. तेव्हा काकाच नारळ काखेत मारून प्लांटमध्ये गेले. मी बरोबर होते.

भोईरने हात पुसले, पण पुढे केले नाहीत. बराच वेळ काट्याकडेच बघत राहिला. मग म्हणाला, "काका, तुमी माजी रजा दोनदा कापली. तवा मी तुमाना लय शिव्या घातल्या. घरी, दारी, सगलीकडं. त्या आता मागं घेतो."

"नको घेऊस," काका म्हणाले. "तेव्हा तू उशिराच आला होतास."

भोईर हसला आणि हसता हसता रडायला लागला. काकांनी नारळ त्याच्या हातात दिला आणि त्याच्या जागी उभं राहून, तो डोळे पुसेपर्यंत, काट्यावर लक्ष ठेवलं. त्या माणसावर माझं किती प्रेम होतं ते मला त्या पाच मिनिटांत समजलं. त्यांना मी ते सांगितलं नाही.

चार वर्षांनी मी आनंदनगरच्या एका मोठ्या कंपनीत गेले. टेबल मोठं, खुर्ची फिरती. तिथे माल पाठवायचा प्रोग्राम माझा होता. त्यात माझ्या हातून एक चूक राहिली आणि चुकीचे ड्रम भलत्याच गिऱ्हाइकाकडे गेले. ठपका गोदामातल्या एका माणसावर आला. चूक माझी आहे हे मला गुरुवारी कळलं. बढतीचं पत्र शनिवारी मिळायचं होतं. तो माणूस सोमवारपासून आला नाही. बढती चांगली झाली.

त्यानंतर कुळगावच्या बाजारात जाताना मी आधी लांबवर नजर टाकायचे. एका रविवारी सकाळी काका समोरून आलेच. एका हातात मेथीची जुडी, दुसऱ्या हातात छत्री, बायको चार पावलं मागे. त्यांनी मला पाहिलं. हात वर केला, चेहरा उजळला, आणि रस्ता ओलांडायला म्हणून ते एका रिक्षासाठी थांबले. मी समोरच्या कपड्याच्या दुकानात शिरले, आणि ते निघून जाईपर्यंत दुकानदाराला एकामागून एक साड्या उलगडायला लावल्या.